फटफटीवरचे गाणे

साखळीच्या बाजारातून वाळवंटी नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचे घर आहे. चतुर्थीचे दिवस नुकतेच आटोपले होते. एके सकाळी अंगणात असा काही गजर उठला, की माझी पत्नी पिठाने भरलेले हात तसेच घेऊन बाहेर धावली. पाहतो तो माझा भाचा आपल्या मोटारसायकलीवर ऐटीत बसलेला! हँडलच्या दोन्ही अंगांना करवंटीएवढे दोन काळे स्पीकर बसवलेले आणि त्यांतून एक अभंग चाललेला. नदीपलीकडे कारापूरच्या मंदिरात उभ्या असलेल्या विठ्ठलालाही तो सहज ऐकू गेला असावा.

"मामा, कसे काय वाटते तुम्हाला?" त्याने विचारले.

"अंगणात उत्तम आहे. रस्त्यावर काय होते ते आठ दिवसांनी सांग," मी म्हणालो.

आठ दिवस लागले नाहीत. भाचा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. साखळीहून डिचोली, पुढे पणजी आणि तेथून महामार्गाने वेर्णा, असा त्याचा रोजचा प्रवास. जाऊन-येऊन सुमारे अडीच तास मोटारसायकलीवर जातात. तो वेळ गाण्यात घालवावा, एवढीच त्याची साधी इच्छा होती. तिसऱ्या दिवशी तो आला तो चेहरा पाडून. गावातून बाहेर पडेपर्यंत गाणे छान ऐकू येते, परंतु गाडीने वेग घेतला की कोणीतरी झाकण घातल्याप्रमाणे ते नाहीसे होते, आणि सिग्नलपाशी गाडी थांबली की शेजारचे चार लोक वळून पाहतील इतक्या जोराने परत उसळते, अशी त्याची तक्रार होती. बाजारात आता दोनशे वॅटचा संच मिळतो, तो घ्यावा काय, असे तो मला विचारीत होता.

हा प्रश्न त्याने मलाच का विचारावा, ते वाचकांना सांगितले पाहिजे. १९७४ पासून सुमारे तीस वर्षे मी या भागात 'माइकवाला' म्हणून ओळखला गेलो. डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांतील जत्रा, काले, भजनी सप्ताह आणि विशेषतः देवळापुढील मराठी नाटके यांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचा माझा व्यवसाय होता. गोव्यात जत्रा म्हटली की नाटक आलेच, आणि उघड्या प्रांगणातील नाटक म्हटले की माइकवाला आलाच. ध्वनिशास्त्राचे पुस्तकी शिक्षण मला फारसे नाही. जे आहे ते कर्णे झाडावर बांधता बांधता आणि पुढे सवडीने वाचून मिळवलेले आहे.

वाऱ्याचे गणित

भाच्याला मी प्रथम कागद-पेन्सिल आणावयास सांगितले. आवाजाच्या बाबतीत आपली सर्वसाधारण समजूत अशी असते, की वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो. कानाचा हिशेब तसा नाही. आवाज मोजण्याचे एकक डेसिबल. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या नावावरून ते पडले. शक्ती दुप्पट केली, तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा असे वाटत असेल, तर शक्ती दहापट करावी लागते. भाच्याचा मूळ संच वीस वॅटचा. दोनशे वॅटचा घेतला, तर पैसे पुष्कळ जातील आणि गाणे मात्र पूर्वीच्या फक्त दुप्पट वाटेल.

आता दुसरी बाजू पाहू. माणसाच्या डोक्यावरून, हेल्मेटच्या कडांवरून, आरशांवरून हवा वेगाने जाते, तेव्हा तिच्यात भोवरे उत्पन्न होतात आणि त्या खळबळीचाच घोंघावणारा ध्वनी होतो. हा ध्वनी वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. तो वेगाच्या साधारण पाचव्या ते सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरचा वेग ऐंशीवर नेला, की वाऱ्याच्या आवाजाची शक्ती दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, तर सुमारे बत्तीस ते चौसष्ट पट होते. चाळीसच्या वेगाला वीस वॅटमध्ये जे गाणे ऐकू येत होते, ते ऐंशीच्या वेगाला तितकेच स्पष्ट ऐकावयाचे, तर कमीत कमी सहाशे चाळीस वॅट हवेत! घरातले आठ-नऊ छतपंखे एकाच वेळी फिरविण्याइतकी ही वीज झाली. मोटारसायकलीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून ती घ्यावयाची, तर पन्नास अँपिअरहून अधिक प्रवाह लागेल. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटारसायकलीचा ऑल्टर्नेटर दिवा, ठिणगी आणि हॉर्न सांभाळून एवढा भार पेलणे शक्य नाही. चार दिवसांत बॅटरी बसेल, आणि गाडी ढकलत न्यावी लागेल.

भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. "म्हणजे वाऱ्याला हरवता येणारच नाही?" त्याने विचारले.

"जोराने नाही," मी म्हणालो, "परंतु युक्तीने काही प्रमाणात येईल."

जनरेटर आणि अग्रशाळा

ही युक्ती मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नव्हती. धंद्याच्या पहिल्या वर्षांतील एक प्रसंग आहे. सत्तरीतील एका देवळापुढे नाटक होते. गावात विजेचा भरवसा नसल्यामुळे जनरेटर लावला होता आणि तो प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, अगदी जवळ, धडधडत होता. पहिल्या अंकालाच मागून ओरड सुरू झाली, "ऐकू येत नाही!" मी आवाज वाढवला. कर्णे फुटू लागले, शिट्ट्या मारू लागले. ओरड थांबली नाही. तेव्हा देवळाचे एक वृद्ध पुजारी मला म्हणाले, "अरे, ते यंत्र आधी अग्रशाळेच्या मागे ने." चौघांनी मिळून जनरेटर उचलून अग्रशाळेच्या भिंतीआड नेला. दुसऱ्या अंकाला मी आवाज पहिल्याहून कमी ठेवला होता, तरी शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्याकोताऱ्यांना शब्दन् शब्द ऐकू गेला.

त्या रात्री मी जे शिकलो, ते पुढे कधी विसरलो नाही. ऐकू येणे हे आवाज किती मोठा आहे यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते भोवताली किती शांतता आहे यावर असते. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी १९१८ साली 'बळवंत संगीत मंडळी' काढली, तेव्हा नाटकगृहात ध्वनिक्षेपक नव्हते. तरीही त्या काळच्या गायक नटांची तान शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे. त्यांचा कंठ थोर होताच; पण पंखे, जनरेटर आणि बाहेरचा रहदारीचा गोंगाट नसलेले ते प्रेक्षागृहही त्यांना तितकेच साहाय्य करीत होते.

परदेशातील कारखानदारांनाही हीच वाट धरावी लागली. मोटारीत रेडिओ बसविण्याचा उद्योग अमेरिकेत पॉल गॅल्विन याने १९३० मध्ये यशस्वी केला आणि त्याच रेडिओचे 'मोटोरोला' हे नाव पुढे कंपनीला मिळाले. परंतु मोटारीला भिंती असतात, काचा असतात. मोटारसायकलीला त्या नाहीत. जपानच्या होंडा कंपनीने १९८० मध्ये लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी 'गोल्डविंग'चे 'इंटरस्टेट' हे मॉडेल काढले, त्यात रुंद आवरण आणि उंच काच ही कारखान्यातूनच बसवलेली होती. संगीताचा संच मात्र ज्याला हवा त्याने वेगळा घ्यावयाचा होता. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम आडोसा, मग गाणे.

आम्ही काय केले

एका रविवारी पहाटे, रहदारी नसताना, आम्ही प्रयोगाला आरंभ केला. खनिजाचे ट्रक ओळीने धावत, त्या दिवसांत या रस्त्यावर असे काही करण्याचा विचारही कोणी केला नसता. २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा कित्येक घरांतील चूल मंदावली हे खरे, परंतु डिचोली-साखळीच्या लोकांना आपल्या रस्त्याची शांतता किती खोल असू शकते हेही त्याच वेळी प्रथम कळले.

मोबाइलमधील आवाजमापकाचा उपयोग होत नाही, हे लगेच दिसून आले. वारा थेट त्याच्या माइकवर आदळतो आणि आकडा भलताच दाखवतो. म्हणून भाच्याचा कानच प्रमाण मानला. एकच अभंग, रस्त्याचा एकच तुकडा, आणि वेग हळूहळू वाढवावयाचा. गाण्याचे शब्द कळेनासे कधी होतात, तबल्याचा ठेका कधी बुडतो आणि 'काहीतरी वाजते आहे' एवढेच कधी उरते, हे त्याने परत येऊन सांगावयाचे. पहिल्या फेरीत शब्द पंचेचाळीसपाशीच गेले. पंचावन्नला ठेका गेला. पासष्टच्या पुढे नुसती चाहूल उरली.

मग आम्ही एकेक दुरुस्ती केली. पहिली विंडशील्डची. म्हापशाहून पारदर्शक काच आणली. येथे एक सावधगिरी हवी. काचेची वरची कड चुकीच्या उंचीवर आली, तर वारा अडण्याऐवजी नेमका हेल्मेटवर आपटतो आणि आवाज पूर्वीपेक्षा वाढतो. दोन वेळा कोन बदलल्यावर हवा डोक्यावरून निघून जाऊ लागली.

दुसरी दुरुस्ती फुकटची होती. भाच्याने स्पीकर दिसावयास शोभिवंत म्हणून सरळ पुढे-मागे बसवले होते आणि त्यांचे तोंड त्याच्या पोटाकडे होते. तंबोऱ्याची जवारी, टाळांची किणकिण, 'स', 'त', 'क' यांसारखी व्यंजने हा सारा उंच स्वरांचा भाग टॉर्चच्या झोताप्रमाणे सरळ रेषेत जातो; झोत पोटावर पडला, तर कानाला अंधार. स्पीकर काचेच्या आत घेतले आणि वर, कानाच्या रोखाने वळवले. कर्णा श्रोत्यांकडे तोंड करून बांधावा, हे माझ्या धंद्यातील बाळबोध ज्ञान. पण ते येथे कोणाला सुचले नव्हते.

तिसरी गोष्ट स्पीकरच्या निवडीची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले कमाल वॅट पाहून स्पीकर घेऊ नये. एका वॅटमध्ये एक मीटरवर तो किती डेसिबल देतो, ही त्याची संवेदनशीलता पाहावी. एकाची ८९ आणि दुसऱ्याची ९२ असेल, तर दुसरा निम्म्या विजेत तितकेच काम करतो. स्पीकरची पाठ बंद डब्यात असावी, कारण पडद्याच्या पुढची आणि मागची लहर एकमेकींत मिसळली, तर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. पडदा कागदाचा नसावा. गोव्याचा आषाढ-श्रावण त्याला एका मोसमात लगदा करून टाकतो. प्लॅस्टिकचा असावा. बॅटरीकडून येणारी तार जाड असावी, मध्ये फ्यूज असावा, आणि पुढच्या दिव्याच्या तारेतून वीज चोरण्याचा मोह धरू नये.

चौथी गोष्ट भाच्याला प्रथम रुचली नाही. खालचे, घुमणारे स्वर मी जवळजवळ काढून टाकले. वाऱ्याची घरघर मुख्यतः खालच्या स्वरांतच असते, आणि तिच्याशी तबल्याच्या डग्ग्याची स्पर्धा लावण्यात सारी शक्ती व्यर्थ जाते. ते ओझे उतरताच लहानसा अॅम्प्लिफायर मोकळा झाला आणि गाण्यातील शब्द वर आले. ऐकणाऱ्याच्या कानाला खालचे आणि मधले स्वर सारख्या जोरात असूनही सारखे वाटत नाहीत, हे अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले होते. त्याचाच हा व्यवहारातील उपयोग.

एवढे झाल्यावर पुन्हा तीच फेरी केली. संच तोच वीस वॅटचा. शब्द मात्र आता पासष्टपर्यंत कळत होते. एकही वॅट न वाढवता पंचेचाळीसाचे पासष्ट झाले, याचा भाच्याला विलक्षण आनंद झाला. ख्यालगायन मात्र टिकले नाही. विलंबितातील मंद आलाप आणि द्रुतातील तान यांच्या आवाजात फार मोठे अंतर असते. आलाप वारा गिळून टाकतो आणि तान तेवढी अंगावर येते. चित्रपटगीतात आवाजाची पातळी साधारण एकसारखी राखलेली असते, म्हणून ते तरून जाते. मोटारसायकलीवर ख्याल ऐकू नये; तो त्या गायकावरही अन्याय आहे आणि आपल्यावरही.

कानाचा शिधा

येथेच हा लेख संपला असता, तर बरे झाले असते. परंतु पंधरा दिवसांनी माझ्या बहिणीचा फोन आला. "तू काही यंत्र बसवून दिलेस म्हणे! ते ठीक आहे. पण हल्ली हा घरी आला की टी.व्ही. फार मोठा लावतो. हाक मारली तर दोन-दोनदा मारावी लागते. काही विचारले तर म्हणतो, कानात गुणगुण होते आहे, तासाभराने जाईल."

ती 'गुणगुण' ऐकताच माझ्या पोटात गोळा आला, कारण तिची आणि माझी फार जुनी ओळख आहे.

तीस वर्षे मी कर्ण्यांच्या पायथ्याशी बसलो. नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी करणारे नियम २००० साली आले. त्यापूर्वी रात्रीला मर्यादाच नव्हती. घरी परतताना कानात अशीच बारीक शीळ वाजे आणि दुपारपर्यंत विरे. मला तिचा अभिमान वाटे. कष्टाची खूण वाटे. पुढे ती दुपारीही विरेना. आज ती चोवीस तास माझ्या सोबतीला आहे. पत्नी 'भात वाढू?' म्हणते आणि मला 'हात काढू?' असे ऐकू येते. स्वर कळतात, व्यंजने गळतात. डॉक्टरांनी माझ्या श्रवणशक्तीचा आलेख काढला, तेव्हा चार हजार कंपनांच्या आसपास रेषा विहिरीत उडी घेतल्यासारखी खाली गेलेली होती. गोंगाटाने बिघडलेल्या कानाची हीच ओळख, असे ते म्हणाले. प्रत्येक कानात आतल्या बाजूला सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या, की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत.

तरुणपणी हे मला कोणी सांगितले नव्हते. भाच्याला सांगणारा मी होतो. आणि मी काय केले, तर त्याला गाणे अधिक चांगले ऐकू यावे म्हणून धडपडलो. ज्या गोष्टीकडे प्रथम पाहावयाचे, तिच्याकडे पाहिलेच नाही.

ती गोष्ट अशी. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्यासाठी ठरविलेल्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज कानाने दिवसाला आठ तास सोसावा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. हा कानाचा रोजचा शिधा समजावा. आता मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटच्या आत, कानापाशी, नुसत्या वाऱ्याचा आवाज किती असतो? ब्रिटनमधील संशोधकांच्या मोजणीप्रमाणे ताशी साठ किलोमीटरला तो नव्वद डेसिबलच्या आसपास आणि शंभराच्या वेगाला शंभराच्या आसपास जातो. माझा भाचा रोज अडीच तास रस्त्यावर असतो. म्हणजे गाण्याचा पहिला स्वर लागण्यापूर्वीच त्याच्या कानाचा दिवसाचा शिधा वाऱ्याने संपविलेला असतो! त्यावर गाणे ऐकू यावयाचे, तर ते वाऱ्याहून वरचढ हवे. हा सारा उधारीचा व्यवहार. आणि ही उधारी पुढे म्हातारपणी, माझ्यासारखी, व्याजासकट फेडावी लागते.

हेल्मेटच्या आत बसणारे छोटे स्पीकरही आता सर्रास मिळतात. स्पीकर कानाच्या जवळ आणला, की अंतर निम्मे होताच आवाज सहा डेसिबलने वाढतो, म्हणून तेथे नाममात्र वीज पुरते. विजेच्या दृष्टीने ही युक्ती हँडलवरच्या संचापेक्षा कितीतरी शहाणपणाची, आणि शेजारच्या चार लोकांनाही उपद्रव नाही. परंतु कानाच्या दृष्टीने धोका तोच राहतो. वाऱ्यावर मात करण्यासाठी कळ फिरवणारे बोट आपलेच असते.

उपाय कोणता?

उपाय उलटा आहे, म्हणूनच तो पटावयास वेळ लागतो. ऐकू यावे म्हणून कान बंद करावयाचे! फेसासारख्या मऊ पदार्थाचे बोळे, ज्यांना इअरप्लग म्हणतात, औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळतात. ते नीट वळून घातले, तर वीस-तीस डेसिबल आवाज बाहेरच राहतो. साध्या कापसाने हे काम होत नाही. वारा आणि गाणे दोन्ही सारखेच कमी होतात. मग गाणे अधिक स्पष्ट कसे वाटते? कारण अतिशय मोठ्या आवाजाखाली कान गोंधळतो, आणि त्याला एक स्वर दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. भार उतरला की त्याची निवडण्याची शक्ती परत येते. ट्रकचा हॉर्नही महामार्गाच्या वेगाला या बोळ्यांमुळे बुडत नाही, कारण त्याला बुडवणारा वाराही त्याच मापाने उतरलेला असतो. गावात मंद गतीने जाताना मात्र ते काढून ठेवावेत. त्याच्या जोडीला तोंड झाकणारे, मापाचे, घट्ट बसणारे हेल्मेट हवे, आणि गळ्याशी एक रुमाल. वाऱ्याचा बराचसा आवाज हनुवटीखालून आत शिरतो, तो त्याने अडतो.

हे सर्व मी भाच्याला सांगितले. त्याने मान डोलावली. तरुण माणसे वडीलधाऱ्यांपुढे ज्या रीतीने मान डोलावतात, त्या रीतीने.

कणकुंबीचा थांबा

डिसेंबरात त्याला बेळगावला जावयाचे होते. मला म्हणाला, "मामा, चला माझ्याबरोबर." पर्ये, मोर्ले, केरी असे करीत आम्ही चोर्ला घाटाकडे निघालो. ही केरी सत्तरीतील; सुरश्री केसरबाई केरकर ज्या केरीच्या, ती फोंडा तालुक्यात आहे. तरी ते नाव पाटीवर वाचले की मला केसरबाईंची आठवण होतेच. त्यांची भैरवी घेऊन व्हॉयेजर ही दोन अंतराळयाने १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई निवर्तल्या. त्यांतील पहिले यान आज सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. गोव्याचे याहून वेगाने धावणारे गाणे दुसरे नाही. तेथे हवाच नाही, म्हणून वारा नाही. आणि हवा नाही म्हणूनच ते गाणे तेथे कोणाला ऐकूही येणार नाही. आपल्याला ऐकू येते ते ज्या हवेमुळे, तीच हवा आपले ऐकणे बुडवते. या दोहोंमध्ये कोठेतरी आपली गाडी चालवावयाची आहे.

घाटात वळणांमुळे वेग तीसच्या पुढे जात नव्हता आणि अभंग स्वच्छ ऐकू येत होता. माथ्यावर सपाटी लागली, वेग वाढला, तसा भाच्याचा हात कळीकडे गेला. मी मागून काही बोललो नाही.

परतताना संध्याकाळ झाली. मलप्रभेच्या उगमाचे गाव कणकुंबी. तेथे चहासाठी थांबलो. गाडी बंद केली, हेल्मेट काढले. भोवती सह्याद्रीचे दाट रान, थंडी पडू लागलेली. भाचा एकदम म्हणाला, "मामा, हे रातकिडे बघा काय ओरडताहेत! कान किटले."

मी ऐकावयाचा प्रयत्न केला. डोके एका बाजूला झुकवले, मग दुसऱ्या. चहाच्या किटलीचे झाकण हलत होते, ते ऐकू आले. दूर कोणी कुत्र्याला हाक मारली, ती ऐकू आली. रातकिडा मात्र एकही नाही. माझ्यापुरते ते रान मुके होते.

"मला ऐकू येत नाहीत रे," मी म्हणालो. "केव्हापासून, तेही आठवत नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला आकडे सांगितले होते, आलेख दाखवला होता. परंतु एवढा मोठा आवाज समोर चालू असताना शेजारच्या माणसाला तो कळूच नये, हे त्याने प्रथमच पाहिले. त्याने चहा संपवला. खिशातून इअरप्लगची डबी काढली. ती त्याच्यापाशी होती, न उघडलेली. तेथून साखळीपर्यंत त्याने गाणे लावले नाही.

स्पीकर अजून त्याच्या गाडीवर आहेत आणि ते असावेत, असेच मला वाटते. गावातून जाताना तो ते मंद लावतो. महामार्ग लागला, की कानांत बोळे आणि गाणे बंद. अर्ध्या वाटेवर गाडी थांबवून एक गाणे स्वस्थपणे ऐकतो आणि मग पुढे निघतो. संध्याकाळची गुणगुण थांबली आहे, असे बहिणीने कळवले. त्याच्या श्रवणशक्तीचा आलेखही काढून घेतला. रेषा अजून सरळ आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची घरे इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर अशी दूरदूर आहेत, आणि त्या घरांतूनही मोटारसायकलीवर दूरच्या कारखान्यात जाणारी मुले आहेत. त्यांना 'गाणे ऐकू नकोस' असे सांगून काही साधणार नाही. आपणही त्या वयात ऐकले नसते. त्यांना एवढेच विचारावे, घरी आल्यावर कानात काही वाजते का? उत्तर 'हो' आले, तर तो जनरेटर आधी अग्रशाळेच्या मागे न्यावा. गाण्याचे पुढे पाहता येईल.